जिवंत शाईतली एम.एस्सी.

जयसिंगपुरात त्या साली माणसांच्या आधी पदव्या मरायला लागल्या. सकाळी उठून बघावं तर डॉक्टरांच्या पाटीवरचं अर्धं नाव गळून गेलेलं, वकिलांच्या पाटीवर नुसतं आडनाव उरलेलं. दातांच्या एका डॉक्टरांची पदवी तर म्हणे पेशंटचा जबडा उघडा असतानाच गेली. त्या बिचाऱ्या पेशंटला तसाच आ वासून रस्ता ओलांडून समोरच्या दवाखान्यात जावं लागलं. वाटेत कुणी तरी त्याला बसस्टँडचा पत्ता विचारला, त्यानं हातवारे करून सांगितला, आणि विचारणारा पार दुसऱ्या गावाला, कुरुंदवाडला पोचला.

हे सगळं झालं पारखटोपीमुळे.

माणसाच्या डोक्याची एक खोड आहे. भर बाजारात शंभर तोंडं समोरून जातात, डोकं ढिम्म असतं. मधेच आपली विहीण दिसते. तिचं नाव आठवायच्या आधी, तोंडावर हसू आणायच्याही आधी, डोक्यात एक बारीक झटका बसतो. सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात विजेची लाट उठते आणि विरते. ओळख पटल्याची लाट ती. तोंडानं माणूस हवं ते खोटं बोलेल, त्या लाटेला खोटं बोलता येत नाही. टोपीत चांदीचे बारीक ठिपके शिवलेले होते, ते ही लाट पकडायचे. पडद्यावर खरी सूत्रं आणि खोटी सूत्रं सरमिसळ करून पळवायची. खऱ्यावर लाट उठली तर ज्ञान डोक्यात आहे, नाही उठली तर पदवी मेली.

टोपी एकदाच घालायची, मेलेली पदवी उठवायची असेल तरच पुन्हा. पुढं कानामागं हरभऱ्याच्या डाळीएवढी टिकली चिकटवून द्यायचे. माणूस रोज जे वाचेल, ऐकेल, त्यावर ती लाटा मोजत बसायची. काढून ठेवली की पदवी गेलीच. आणि पदवी छापायची म्हटलं की पारख मंडळाची जिवंत शाईच वापरायची, असा कायदा. ही शाई मंडळाकडून खबर घेई आणि कागदावरची पदवी आपली आपण उमटवी नाही तर पुसून टाकी. दाराची पाटी असो की लग्नाची पत्रिका, सुटका नाही.

तर सुलोचनाबाई मगदूम ही टोपी घालायला सांगलीच्या केंद्रात गेल्या, त्या अगदी ताठ मानेनं. एम.एस्सी. गणित. गावातल्या मुलींच्या शाळेत सारा जन्म गणित शिकवून निवृत्त झालेल्या. मुलीचं, चेलनाचं लग्न ठरलेलं. नवऱ्यामुलाकडच्यांच्या नावांपुढं पदव्यांची ही रांग. आपल्या बाजूला, चेलनाच्या आईच्या नावापुढं, एम.एस्सी. आलंच पाहिजे. त्यांना या लग्नात दुसरं काही नको होतं. साडीसुद्धा त्यांनी मुलीला निवडू दिली होती.

याला कारण होतं. सुलोचनाबाईंच्या स्वतःच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी उत्साहाच्या भरात पत्रिकेत 'चि. सौ. कां. सुलोचना, बी.एस्सी.' असं छापून टाकलं होतं. निकाल लागायचा होता. आमची पोरगी काय नापास होतेय, म्हणाले. निकाल लागला हळदीच्या दिवशी, आणि पोरगी नापास झाली. पत्रिका सासरच्या गावभर वाटून झालेल्या. तेव्हापासून थोरली नणंद जिनमती हिनं त्यांचं नाव ठेवलं, पत्रिकेतली बी.एस्सी. आमटीत मीठ जास्त पडलं की ती म्हणायची, असू दे, पत्रिकेतली बी.एस्सी. आहे ती.

पुढं सुलोचनाबाईंनी बी.एस्सी. काढली, एम.एस्सी. काढली, तीही पोटुशी असताना एसटीनं कोल्हापूरला जाऊन पेपर देऊन. पण छापलेलं नाव ते छापलेलं नाव.

केंद्रावर तेरदाळेबाई म्हणून मेंदूच्या डॉक्टर होत्या. त्यांनी टोपी घातली, पडदा लावला. सूत्रं पळायला लागली. सुलोचनाबाईंनी खरी-खोटी मनात झटाझट वेगळी केली आणि चौथ्या मिनिटाला त्यांना जांभई आली. टोपी निघाली, आणि तेरदाळेबाईंचा चेहरा पडला. लाटा नाहीत, म्हणाल्या. एकही नाही. एम.एस्सी. मृत.

"पण एक जिवंत निघालंय," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना थोडे इकडचे तिकडचे विषय दाखवतो आम्ही. त्यात तुमचं हे भलतंच जोरात आलं. उष्ट्रवैद्यक, प्राथमिक."

"म्हणजे?"

"उंटांचे आजार."

झालं होतं असं, की आदल्या आठवड्यात नवऱ्याच्या, भूपालरावांच्या कुत्र्याला सुई द्यायला सुलोचनाबाई गुरांच्या दवाखान्यात गेल्या होत्या. तिथं भिंतीवर उंटांच्या आजारांचं चित्रांसकट कॅलेंडर होतं. वाचायला दुसरं काहीच नव्हतं, म्हणून त्यांनी ते वाचलं. लक्षणं, उपाय, सगळं. गणिताची बाई, अर्धवट सोडवेना.

घरी आल्यावर ही बातमी लपवायची त्यांनी फार खटपट केली. पण भूपालराव साधे होते, त्यांनी जेवताना घरातच राहणाऱ्या बहिणीला, जिनमतीला सांगून टाकलं. त्यांची स्वतःची आयटीआय मात्र ठणठणीत जिवंत होती. पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं त्यांचं दुकान, आणि दर मोटार उघडली की ते नव्यानं दचकायचे.

जिनमतीनं भाकरीचा तुकडा हातातच धरला. "छाप की मग पत्रिकेत," ती म्हणाली. "उंटवैद्य. या खेपेला खोटं तरी होणार नाही."

चेलनाला यात रडण्यासारखं काय आहे ते कळेना. तिच्याकडं प्रमाणपत्रांचा ढीग होता: ड्रोननं परागीभवन, मातीचा वास ओळखणं, गर्दीची रांग न भांडता लावणं. एक मेलं की ती दुसरं घ्यायची. आईला म्हणाली, तूही घे एखादं, आठवड्यात होतं.

"तू पोटात होतीस तेव्हा पेपर दिलाय मी," सुलोचनाबाई म्हणाल्या. "एसटीत ओकत गेले, ओकत आले. ते आता कुठल्या आठवड्यात करू?"

चेलनानं प्रमाणपत्रांचा ढीग उचलून आत नेला. पण पत्रिका छापायला टाकायची वेळ जवळ येत होती.

वर आणखी तो उंट आला. जिल्ह्यात उंटांची जिवंत पदवी असलेल्या एकट्या सुलोचनाबाई, असं मंडळाच्या नकाशावर दिसायला लागलं. जत्रेत पोरांना उंटावर फिरवणारा एक लाखाराम म्हणून होता, त्याचा उंट चार दिवस खात नव्हता. तो थेट मगदुमांच्या दारात. उंटानं कुंपणावरून मान आत घातली आणि दारावरचं आंब्याच्या पानांचं तोरण सुतळीसकट खाल्लं. सुलोचनाबाईंनी रागारागानं कॅलेंडरवरचं जे होतं ते म्हणून दाखवलं: पाणी, गूळ, मीठ, पोट चोळणे. उंट बरा झाला. तोरणानं झाला की गुळानं, देव जाणे, पण लाखारामनं गावोगाव सांगितलं. दर आठवड्याला कुठून कुठून उंटवाले फोन करायला लागले. दर फोनला सुलोचनाबाई दचकायच्या, आणि दर दचक्याला टिकली खूश व्हायची.

मग एक दिवस विहीणबाई याद्या करायला आल्या. चहाचा कप तोंडाला लावला तोच एवढ्या जोरात दचकल्या की चहा साडीवर. काय झालं, सुलोचनाबाईंनी विचारलं.

"अहो, तो आवाज केवढा."

"कसला आवाज?"

शेजारच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा सुरू झाला होता. भिंत हादरत होती, कपबशी वाजत होती. लग्न होऊन आल्या दिवसापासून सुलोचनाबाई त्या गिरणीला चिकटून राहत होत्या. त्यांना तो आवाज ऐकूच येत नव्हता.

विहीणबाई साडी पुसत होत्या आणि सुलोचनाबाई बशी हातात धरून उभ्या. जे नवं, त्याला डोकं दचकतं. जे रोजचं, ते हाडात जातं, डोक्याला त्याची दखलही नसते. टोपी ज्ञान मोजत नाही. नव्याची नवलाई मोजते. उंट काल पाहिला म्हणून जिवंत, आणि गणितात जन्म घातला म्हणून मेलं.

दुसऱ्याच दिवशी त्या सांगलीला गेल्या आणि हे सगळं तेरदाळेबाईंना फळ्यावर मांडून दाखवलं. तेरदाळेबाईंनी नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, बरोबर आहे, पण आक्षेप घ्यायचा तर मेंदूशास्त्राची जिवंत पदवी लागते. ती तुमच्याकडं नाही.

"तुमच्याकडं आहे की. तुम्ही घ्या."

तेरदाळेबाईंनी दाराकडं पाहिलं. "बाई, माझी जिवंत आहे कारण पास झाल्यापासून मी पुस्तक उघडलेलं नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आक्षेप घ्यायचा तर वाचावं लागेल. वाचलं की मरेल. माझ्या आधीचे साहेब फार अभ्यासू होते. आता ते इथंच बाहेर टोपीचे ठिपके पुसतात."

सुलोचनाबाई परतीच्या बसमध्ये दात-ओठ खात बसल्या. घरी आल्या तर ओसरीवर एक परका माणूस आरशासमोर उभा. कोट, टाय, भांग. त्यांना धस्स झालं. मग ओळख पटली. ते भूपालराव होते, लग्नाचा कोट घालून बघत होते.

आणि तिथंच त्यांना वाट सापडली. रोजचा नवरा, नुसता कोट वेगळा, तर झटका बसला. रोजच्या गणितालाही वेगळा कोट घालावा.

तो कोट घरातच होता. मगदुमांच्या घरात निम्मं बोलणं कन्नडात चालायचं. सुलोचनाबाई इस्लामपूरकडच्या, त्यांना मीठ-मिरची-ताट-वाटीपुरतं कन्नड येई. अक्षर मात्र एक वाचता येत नव्हतं. आणि घरात कन्नड शाळेत गेलेलं माणूस एकच, तेही चौथीपर्यंत.

जिनमती स्वयंपाकघरात ज्वारीचं पीठ मळायला घेत होती. सुलोचनाबाई दाराशी उभ्या राहिल्या.  मला कन्नड अक्षरं, आकडे शिकवा, असं एका दमात सांगून टाकलं.

जिनमतीनं पाणी घालायचं थांबवलं. "एवढी वर्षं या घरात आहेस. मी कन्नडात शिव्या घातल्या तरी कधी विचारलं नाहीस काय म्हणता म्हणून. आता टोपीसाठी शिकतेस."

"हो, वन्सं."

"नाही जमलं तर?"

"तर तुम्ही आहातच म्हणायला. पत्रिकेतली एम.एस्सी."

जिनमतीला हसू आलं, ते तिनं पदरात लपवलं. परातीतलं कोरडं पीठ हातानं सपाट केलं आणि बोटानं पहिलं अक्षर काढलं. गोल, फुगलेलं, पुरीसारखं. काढ, म्हणाली.

मग रोज तसंच चाललं. परातीत अक्षरं, आकडे, बेरीज, भागिले. जिनमती कडक मास्तरीण निघाली. चुकलं की पीठ विस्कटून टाकायची आणि पुन्हा पहिल्यापासून. स्वयंपाकाला उशीर व्हायचा, भूपालराव ताट घेऊन बसून राहायचे. एक दिवस पीठ सारखं करता करता जिनमती खाली बघूनच बोलली.

"माझ्या पत्रिकेत माझ्या नावापुढं काही नव्हतं. चौथी पास कोण छापतं? तुझं ते बी.एस्सी. पाहिलं आणि डोळ्यात खुपलं. मग तू नापास झालीस, आणि मला त्या रात्री झोप फार छान लागली."

 सुलोचनाबाईंनी नवं अक्षर काढलं. जिनमती म्हणाली, त्याचं पोट मोठं झालंय, लहान कर.

दुसऱ्या पारखीला त्यांनी कन्नड माध्यम मागितलं. पडद्यावर सूत्रं आली, गोल गोल आकड्यांची, कन्नड शब्दांची. आणि प्रत्येक सूत्र बघून सुलोचनाबाई आतून दचकल्या, अगं बया, हे तर आपलंच. लाटांवर लाटा. तेरदाळेबाईंनी हात मिळवला. एम.एस्सी. जिवंत.

"एक करा," त्या म्हणाल्या. "लग्न होईपर्यंत गणिताकडं फिरकू नका. कुठल्याच भाषेत नको. सरावाचं झालं की जाईल."

पत्रिका छापून आल्या. सौ. सुलोचना भूपाल मगदूम, आणि पुढं काळी कुळकुळीत एम.एस्सी. सुलोचनाबाईंनी एक पत्रिका उशीखाली ठेवली. किराण्याचा हिशेब त्यांनी भूपालरावांवर टाकला, आणि घड्याळाकडं बघायचंही कमी केलं.

सहना आली ती नेमकी तेव्हा. साखर कारखान्यात अथणीकडून बदलून आलेल्या माणसाची मुलगी, दहावीची. तिकडं कन्नड शाळेत शिकलेली, इकडं मराठी वर्गात बसवलेली. गणिताच्या तासाला तिला काही म्हणजे काही कळत नव्हतं. जिनमतीनंच देवळात कुणाला तरी सांगितलं होतं, आमची सुलोचना कन्नडात गणित करते. फुशारकी मारायला सांगितलं, त्यातून हे आलं.

सुलोचनाबाईंनी सांगितलं, लग्न झाल्यावर ये. मुलगी म्हणाली, परीक्षा लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी आहे. त्यांनी सांगितलं, मला जमणार नाही. मुलगी बरं म्हणाली आणि त्यांच्याच पायरीवर बसून स्वतःशीच गणित सोडवायला लागली, कारण घरी तिच्या जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच पायरी.

सुलोचनाबाई घरात येरझाऱ्या घालायला लागल्या. चेलनावर ओरडल्या, लाडू वळणाऱ्या बायकांवर ओरडल्या. वन्संना म्हणाल्या, तुम्हाला कुणी सांगितलं होतं गावभर करायला? जिनमती पहिल्यांदाच उलट बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी तुळशीला पाणी घालताना त्यांची नजर खाली गेली. मुलीनं समीकरणाच्या एका बाजूची वजा संख्या दुसऱ्या बाजूला नेली होती आणि चिन्ह तसंच ठेवलं होतं. सुलोचनाबाईंनी मान फिरवली. पुन्हा बघितलं. मुलगी तीच चूक घेऊन पुढच्या ओळीत चालली होती, आणि त्याच्या पुढच्या.

"उंबरा ओलांडला की चिन्ह बदलतं गं," त्या कन्नडात म्हणाल्या, आणि तांब्या खाली ठेवून तिच्या शेजारी बसल्या.

मग काय. सकाळ-दुपार-संध्याकाळ पायरीवर शाळा भरली. मांडव पडला, वाजंत्री आली, बाईंचं बीजगणित चालूच. मुलीच्या डोक्यात उजेड पडताना दिसायचा. आणि उशीखालच्या पत्रिकेतली एम.एस्सी. रोज थोडी फिकट व्हायची, चहात पाणी वाढवत न्यावं तशी. सुलोचनाबाई रोज बघायच्या, चरफडायच्या, टोपीला, मंडळाला, त्या मुलीच्या बापाच्या बदलीला शिव्या घालायच्या आणि पुन्हा पायरीवर जाऊन बसायच्या.

लग्नाच्या दिवशी कार्यालयाच्या दारात विहीणबाई चार पाहुण्यांना पत्रिका दाखवत होत्या. आमच्या विहीणबाई एम.एस्सी. आहेत हो, असं म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ती अक्षरं गेली. शाईच ती, रिकामी जागा तिला बघवेना. मंडळाकडून विचारून तिनं जे जिवंत होतं ते तिथं उमटवलं. सौ. सुलोचना भूपाल मगदूम, उष्ट्रवैद्यक (प्राथमिक).

पाहुण्यांच्या हातातल्या सगळ्या पत्रिकांत एकदम. कुणी तरी खुसखुसलं. मग दुसरं. सुलोचनाबाई कुंकवाचं ताट घेऊन उभ्या होत्या, तशाच राहिल्या. पुन्हा हळदीचं घर, पुन्हा भरलेला मांडव, पुन्हा नापास. आणि शेजारी वन्सं उभ्या.

जिनमतीनं पुढं होऊन विहीणबाईंच्या हातातली पत्रिका घेतली. हळदीच्या वाटीत बोट बुडवलं आणि त्या उष्ट्रवैद्यकावर रपकन ओढलं. वरून एम.एस्सी.ची गोल, फुगीर कन्नड अक्षरं काढली, परातीत काढायची तशी. शाईनं खालून पुसायचा प्रयत्न केला. हळदीपुढं तिचं काही चालेना.

"हे काय लिहिलंत?" विहीणबाईंनी विचारलं.

"वाचता येत नाही?" जिनमती म्हणाली. "मग पायरीवर येऊन बसा. आमची सुलोचना शिकवते."

मग तिनं दारातच खुर्ची टाकली आणि येईल त्याच्या पत्रिकेवर तेच केलं. अक्षता पडल्या तरी तिचं चालूच. तिचं ते बोट म्हणे दिवाळीपर्यंत पिवळं होतं.

आणि लाखाराम. त्याला आमंत्रण नव्हतं, पण डॉक्टरीणबाईंच्या घरचं कार्य म्हणून तो उंटाला गोंडे बांधून आला होता. सुलोचनाबाई जेवणाच्या पंगती बघायला बाहेर आल्या, तर उंट मांडवाची झालर चघळत उभा. त्या त्याच्याकडं बघत राहिल्या. मग कानामागं हात नेला, ती टिकली खर्रकन ओढली आणि उंटाच्या कानामागं चिकटवून दिली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सहनाला परीक्षेच्या दारापर्यंत सोडलं. मंडळाच्या दप्तरी मात्र सुलोचना भूपाल मगदूम यांची पारख अजून चालू आहे. बाभळीचा पाला, बोरीची झुडपं आणि मांडवाची झालर या तिन्ही विषयांत त्या उत्तम गुणांनी जिवंत आहेत.